घुमते, फिरत नाही

बटण दाबलं की घुमते.
फिरत नाही.
कौलाखाली अडकलेल्या भुंग्यासारखी.
तीन मोजायचे आणि बंद करायचं,
चार मोजलेत तर आतलं तांबं करपतं
आणि तो वास एकदा नाकात बसला
की आठवडाभर भातालाही येतो.

जामसंड्याच्या उतारावर आमची शेड.
पेडणेकरांच्या बागेच्या चारशे पेट्या परवा सकाळी,
आणि फळ्या अजून अख्ख्या,
भिंतीला टेकून उभ्या,
वऱ्हाड न आलेल्या मांडवातल्या पाहुण्यांसारख्या.

"मोटार जळली असतली," बाबल मेस्त्री म्हणतो.
कुठल्याही यंत्राबद्दल त्याचं हेच मत असतं.
"कणकवलीक धाड. आठ दिस लागतले."
आठ दिवस हापूस कोणाची वाट बघतो?

मी प्लग काढते. हे आधी.
वडिलांच्या उजव्या हाताला साडेतीन बोटं होती;
उरलेली दीड अजून मला शिकवतात.

मग वास घेते. करपट नाही.
पाठीवर तळवा ठेवते. कोमट.
पट्टा उतरवून चकती लोटते,
घरंगळते मोकळी, म्हणजे बेअरिंग शाबूत.
सॉकेटला साठचा बल्ब लावून बघते:
पेटतो, पण पिवळा, आजाऱ्याच्या डोळ्यासारखा.
संध्याकाळी सगळ्या वाडीचे पंप एकदम सुरू होतात,
वीज येते ती दमून येते.
सातपर्यंत थांबते. बल्ब पांढरा होतो.
मोटार तरीही घुमतेच.

पट्टा उतरलेलाच ठेवून, लांब काठीनं
पुलीला हलकेच टोचते
उजवीकडे, तर उजवीकडे सुटते.
बंद करून, पूर्ण थांबू देऊन, डावीकडे,
तर डावीकडे.
तितक्याच जोमानं.
मला उगाच धाकटा दीर आठवतो, अनंगपाळ,
जो आधी चहा पाजेल त्याच्या पक्षात.

म्हणजे जळलीबिळली काही नाही.
जोर सगळा अंगात आहे,
पहिलं पाऊल कुठल्या पायानं
एवढंच विसरलीय.
कंडेन्सर गेला.

झाकण उघडते. तो फुगलाय, बूड ओलं.
तरीही स्क्रूड्रायव्हर आडवा धरून दोन्ही टोकं जोडते,
मेल्यावर विश्वास ठेवू नये म्हणून.
ठिणगी नाही.
आत भुसा, पालीची दोन अंडी,
आणि तारांच्या टोकांवर हिरवा गंज;
खाडीचा वारा इथेही येऊन गेलाय,
न विचारता, नेहमीसारखा.
पॉलिश पेपरनं घासते. अंडी पुठ्ठ्यावर ठेवून देते.

हनीफचं दुकान बंद. बहिणीचं लग्न, विजयदुर्गात.
तेव्हा विहिरीवर जाते बॅटरी घेऊन
आणि पंपाचा कंडेन्सर काढते.
तेवढ्याच ताकदीचा. नंबर दोनदा वाचते.
मोकळ्या तारांना टेप गुंडाळते.
सासूबाई खळ्यातून विचारतात, "काय गो करतस काळोखात?"
"काय नाय," म्हणते.

लावला. पट्टा चढवला. बटण.
एका दमात सुटली!
बाबल टाळी वाजवतो, फळी उचलतो,
आणि मी ओरडते: थांब.
चकतीचे दात बघ.
पाठमोरे पळतायत.
घाईत दोन तारांची अदलाबदल झाली माझ्याकडून;
अशा चकतीला लाकूड द्यायचं नसतं.
प्लग. झाकण. तांबडी काळीच्या जागी, काळी तांबडीच्या.
या वेळी हात थोडे थरथरतात.
कोणाला दिसत नाही.

साडेनऊला पहिली फळी चिरली.
रायवळ आंब्याचं लाकूड, आत अजून ओलसर,
हापूसला घेऊन जाणार मुंबईला,
स्वतःला कोणी विचारलं नाही कधी.
"मी म्हटलंय ना," बाबल म्हणतो, "मोटारीक काय जाला नाय."
मी पुढची फळी सरकवते.

पहाटे साडेपाचला
सवयीनं, अर्धवट झोपेत,
सासूबाई पंपाचं बटण दाबतात.
मी अंथरुणातूनच ऐकते,
मोजते: एक, दोन,
आणि उठून रहाटाचा दोर शोधायला लागते.